शेती एकट्याची नसते

कांदिवलीच्या चारकोपमध्ये कोकणी घरं पुष्कळ. ऐंशीच्या दशकात म्हाडानं जागतिक बँकेच्या मदतीनं इथे छोटे छोटे प्लॉट पाडले आणि लालबाग-परळच्या चाळींमधून बरीच कुटुंबं इकडे आली. आमचं त्यातलंच एक. बाबा गिरणीत होते. गावी, राजापूर तालुक्यात, भाताची चार खाचरं, थोडी वरकस जमीन आणि थोडा कातळ. बाबांच्या पश्चात ती शेती माझ्याकडे आली आणि नोकरी सांभाळून मी ती कसतो आहे. गावात राहून ती रोज पाहते ती माझी धाकटी काकी. तिच्यामुळे आणि वाडीमुळे शेत उभं आहे.

शेजारीपाजारी, मंडळातली मुलं मला विचारतात, की आम्हालाही गावची जमीन पुन्हा करायची आहे, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल. कोकणातल्या लहान गावात शेती एकट्याची होत नाही, ती वाडीची होते. हे ज्याला पटलं त्याची जमीन कसली जाते. ज्याला पटत नाही तो कुंपणावर पैसे खर्च करतो आणि दोन-तीन वर्षांत थकतो. पुढचं सगळं त्या एका गोष्टीभोवतीच आहे.

१. आधी वाडीत जा, मग शेतात

आमच्याकडे पैऱ्यानं शेती होते. आज वाडीतली माणसं माझ्या लावणीला आली, की माझ्या घरच्या माणसांनी तितकेच दिवस त्यांच्या शेतात जायचं. घाटावर यालाच सावड किंवा इर्जिक म्हणतात. पैशाचा व्यवहार नसतो, पण हिशोब चोख असतो. कोणाचा पैरा कोणावर राहिला आहे, हे वाडीतल्या बायकांना वर्षानुवर्षं तोंडपाठ असतं.

मुंबईत राहणाऱ्याची अडचण इथेच होते. माणसं बोलावता येतात, पैरा फेडायला कोण जाणार? काकी एकटी किती ठिकाणी पुरणार? मी तो माझ्या परीनं फेडतो. जुलैत आठवडाभराची रजा काढून दुसऱ्यांच्या लावणीला उतरतो. वाडीतल्या कोणाला मुंबईत मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असलं, तर तो माणूस आमच्या घरी उतरतो. केस पेपर काढण्यापासून औषधं आणण्यापर्यंत आम्ही बरोबर असतो. कोणाच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीला यायचं असलं, तर आमचा पोटमाळा त्याचा. वाडी हे सगळं पैऱ्यात धरते.

गणपतीला आणि शिमग्याला सगळेच जातात. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून सुटणाऱ्या जादा गाड्या त्या दिवसांत भरून वाहतात. पण ज्याला शेती करायची आहे, त्यानं सण सोडूनही जायला हवं. कोणाच्या दिवसकार्याला, कोणाच्या घरभरणीला, गावकीच्या बैठकीला. तिथे तोंडओळख होत नाही, विश्वास होतो. त्या विश्वासावर माणसं तुमच्या चिखलात उतरतात.

२. पाणी वरच्या शेतातून येतं

आमची खाचरं डोंगराच्या उतारावर एकाखाली एक आहेत. पावसाचं पाणी वरच्या खाचरात भरतं, तिथल्या बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्यात उतरतं आणि असं करत करत वहाळाला मिळतं. सगळ्यात वरचं खाचर एका चुलत्यांचं, मधली दुसऱ्या घराची, खालची आमची. वरच्यानं तोंड केव्हा उघडायचं, केव्हा बुजवायचं, यावर आमची चिखलणी अवलंबून असते. खत टाकल्या दिवशी वरून पाणी सुटलं, तर आमचं खत थेट वहाळात.

बांध सगळ्यांचे असतात आणि त्यांचा मोठा शत्रू अगदी लहान असतो. पावसाच्या सुरुवातीला खेकडे बांधात बिळं करतात. बीळ वरून दिसतं मुठीएवढं, पण आत तिरकं जात जात पलीकडच्या अंगाला निघतं. त्यातून पाणी झिरपू लागलं, की आधी गढूळ धार येते, मग माती सुटते आणि एखाद्या रात्रीच्या पावसात हातभर बांध बसतो. काकी सकाळी खाचराच्या कडेनं चालताना पायाच्या तळव्यानं बांध चाचपत जाते. एखाद्या जागी माती दबली, की तिथे थांबते, बिळात हात घालते, काठीनं दगडाचे तुकडे आत ठासते आणि वर चिखल थापते. हे काम फक्त आपल्या बांधापुरतं करून भागत नाही. वरच्या चुलत्यांचं घर मुंबईला आलं, तेव्हापासून त्यांचाही बांध काकीच पाहते, कारण तो फुटला तर आमची रोपं गाळाखाली जातात.

कांदिवलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पोयसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्या वस्त्यांमधून वाहत मालाड-मार्वेच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी या नदीनं काठावरच्या घरांत काय केलं, ते आपण पाहिलं आहे. वर काय बांधलं, वर काय टाकलं, वर काय तोडलं, हे सगळं खालच्याच्या दारात येतं. गावात निदान वरचा माणूस आपल्या ओळखीचा असतो.

३. एक शेत पडीक राहिलं, की शेजारचंही जायला लागतं

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कोकणात आज शेती का सुटते, असं विचारलं तर लोक मजुरी, पाऊस, भाव अशी कारणं सांगतात. ती खरीच आहेत. पण वाडीत राहिलं की आणखी एक कारण दिसतं. एका घरानं शेत टाकलं, की पुढच्या पावसाळ्यात तिथे गवत माजतं, दोन वर्षांत रानमोडी आणि घाणेरी उभी राहते. त्या जाळीत रानडुकरांना दिवसा लपायला जागा मिळते. पूर्वी ती डोंगरावरून उतरायची, आता शेताच्या कडेलाच राहतात. रात्री कळप बाहेर पडला, की ओंब्या आलेलं खाचर एका फेरीत लोळवून टाकतो. वीस खाचरांत भात असलं, की पाखरं आणि वानरं वीस ठिकाणी वाटली जातात. तीनच खाचरांत भात असलं, की सगळी त्या तिघांवर येतात. पूर्वी प्रत्येक शेतात माळा असायचा, पाळीपाळीनं राखण व्हायची, एका माळ्यावर डबा वाजला की दुसऱ्यावरून हाक यायची. तीन शेतांना रात्रभर जागवणार कोण?

उन्हाळ्यात हेच वणव्याचं. पडीक शेतातलं वाळकं गवत पेटतं आणि शेजारच्याची कलमं होरपळतात. कसणाऱ्यानं आपल्या बागेभोवती जाळपट्टा काढला तरी वाऱ्यानं ठिणगी उडते. शेवटी कसणारा कंटाळतो आणि तोही सोडतो. मग त्याच्या शेजाऱ्याची पाळी. आमच्या मळ्याचा वरचा भाग असाच एकामागून एक गेला.

याला उत्तर काय, हे मला इंडोनेशियातल्या बाली बेटाबद्दल वाचताना अधिक स्पष्ट झालं. बालीतली गावं आपल्या कोकणासारखीच: उतारावरची भातखाचरं, लहान लहान वाटे, वरून खाली वाहणारं पाणी. तिथे हजारएक वर्षांपासून सुबक नावाच्या पाणीवाटप संस्था आहेत. एका पाटावर भिजणाऱ्या शेतांचे सगळे शेतकरी त्या सुबकचे सभासद. लावणी केव्हा करायची, शेतं कोरडी केव्हा ठेवायची, हे ते जलमंदिरात बसून ठरवतात. डोंगरावरच्या बातुर सरोवरापाशी यातलं मोठं मंदिर आहे. सत्तरच्या दशकात हरितक्रांतीचं बियाणं आलं. सरकारनं सांगितलं, प्रत्येकानं जमेल तितक्या वेळा पीक घ्या, एकमेकांसाठी थांबू नका. परिणाम असा झाला, की कुठल्या ना कुठल्या शेतात बारमाही हिरवं भात उभं राहिलं आणि तपकिरी तुडतुड्यांना वर्षभर खाद्य मिळालं. फवारण्या वाढल्या तशी कीडही वाढली. १९८६ मध्ये इंडोनेशिया सरकारला भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की सगळं खोरं एकाच वेळी पिकवणं आणि एकाच वेळी मोकळं ठेवणं ही जुनी रीत म्हणजे पाण्याचं आणि किडीचं एकत्र नियोजन होतं. २०१२ मध्ये बालीचा हा सुबक-प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

आपल्याकडे जलमंदिर नाही, पण ग्रामदेवतेसमोर गावकी बसते. पेरणी, गुरं सोडण्याचा दिवस, राखणीच्या पाळ्या हे सगळं तिथे ठरायचं. आम्ही वाडीत आता एवढं ठरवलं आहे, की लागवड होईल ती एकसलग पट्ट्यात. ज्यांना स्वतः करायचं नाही, त्यांचं शेत शेजारी करतो आणि तांदळाचा ठरलेला वाटा मालकाच्या घरी पोचता होतो. दूर दूर विखुरलेली पाच खाचरं राखण्यापेक्षा एका ठिकाणची पाच राखणं सोपं असतं. डुकरं अजून येतात, पण नुकसान कमी झालं आहे आणि राखणीला माणसं मिळतात.

४. बियाणं निवडताना बांधापलीकडे बघा

मुंबईहून पहिल्यांदा शेती करायला जाणारा माणूस जास्तीत जास्त उत्पन्न देणारी जात शोधतो. वाडीतली माणसं आधी जमीन विचारतात. उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवं भात. ते साधारण तीन-साडेतीन महिन्यांत तयार होतं. खालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या कोंडीच्या जागेत गरवं. त्याला साडेचार महिने लागतात. मधल्याला निमगरवं. वरच्या खाचरात गरवं लावलंत, तर परतीचा पाऊस लवकर गेला की दाणा भरायच्या वेळी जमिनीला भेगा पडतात.

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या भात संशोधन केंद्रानं आपल्या मातीला जमणाऱ्या रत्नागिरी नावाच्या जाती दिल्या आहेत. सुवर्णाही आता कोकणात घरोघरी झाली आहे. वालय, मुणगा, पटणी अशा जुन्या जाती काही घरांनी अजून धरून ठेवल्या आहेत. खाडीकाठच्या खारवट जमिनीत काळा राता आणि भुरा राता या जाती पूर्वापार चालत आल्या. खारं पाणी सोसणारं भात म्हणून देशोदेशीच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. एखादी जुनी जात आपल्या घरात असली, तर निदान एका कोपऱ्यात ती लावत राहा.

आणि शेजाऱ्यानं काय लावलं आहे, ते विचारल्याशिवाय बी भिजवू नका. सगळ्यांचं हळवं कापून झालं आणि तुमचं एकट्याचं गरवं उभं राहिलं, तर रानातलं प्रत्येक जनावर तुमच्याकडे येईल. शिवाय कापणी झालेल्या शेतात गुरं सुटतात, ती तुमचा बांध ओळखत नाहीत.

५. लावणीला स्वतः वाका

बांधावर उभं राहून लावणी कळत नाही. रोपाची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताच्या तीन बोटांनी दोन-तीन काड्या सोडवायच्या, अंगठ्यानं चिखलात टेकवायच्या आणि मागे सरकायचं. खोल गेलं तर फुटवे कमी येतात. वर राहिलं तर पहिल्याच पावसात तरंगतं. अनुभवी बाईचा हात एका खोलीवर दिवसभर चालतो. अर्ध्या तासानं कंबर बोलायला लागते, तेव्हा मजुरी किती द्यावी याचा वाद मनातल्या मनातच मिटतो.

आम्ही आता चारसूत्री पद्धतीनं लावतो. डॉ. नारायण सावंत यांनी ही पद्धत कोकणात रुजवली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची. चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला गाडायचा. खुणांच्या दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर ठेवत रोपं लावायची. आणि लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी हातानं खोल खोचायची. गोळी मातीत राहते, पाण्याबरोबर खालच्या शेतात वाहून जात नाही. बियाणं कमी लागतं, खत कमी लागतं. पहिल्या वर्षी वाडीतल्या बायकांना दोरी अडचणीची वाटली, कारण हात थांबतो. मग त्यांनीच दोन बाजूंना दोन मुलं उभी करून दोरी सरकवायची युक्ती काढली. बाहेरची पद्धत गावात रुजते ती अशी, करणाऱ्या हातांनी तिला आपल्या सोयीचं वळण दिलं की.

६. सातबारा वाचायला शिका, आणि त्यामागची लढाईही

गाव नमुना सात हक्क सांगतो, बारा पिकं सांगतो. आठ-अ वर तुमच्या खात्यातली सगळी जमीन एकत्र दिसते आणि सहा नंबरच्या फेरफारात ती तुमच्यापर्यंत कशी आली याचा माग लागतो. हे चारही उतारे एकदा समोर ठेवून घरातल्या मोठ्या माणसाबरोबर वाचा. पणजोबांच्या नावानंतर वारस नोंदच झालेली नाही, असं बऱ्याच घरांत निघतं. ती आधी करून घ्या. वारसांची संमती असली, तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होतं. २०२१ पासून पिकाची नोंद आपली आपण मोबाइलवर करता येते. ई-पीक पाहणी चुकवू नका. पीक नोंदवलेलं नसेल, तर नुकसानभरपाई मागताना हात रिकामे राहतात.

पण हा कागद आपल्या हातात कसा आला, तेही घरातल्या मुलांना सांगा. आपले पणजोबा कुळं होते. भात पिकवायचं त्यांनी आणि मोठा हिस्सा जायचा खोताच्या कोठारात. अलिबागजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं संप पुकारला. खोताची जमीन कसायचीच नाही, असं ठरलं. १९३९ पर्यंत त्यांनी शेतं ओसाड ठेवली. लाकूडफाटा विकून, मासे धरून दिवस काढले. एकट्यादुकट्यानं शेत टाकलं असतं, तर खोतानं दुसरं कूळ लावलं असतं. सगळे मिळून थांबले म्हणून त्या थांबण्याला वजन आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कूळ जमिनीचा मालक मानला गेला. एवढ्या सायासानं मिळालेली जमीन दलालाच्या पहिल्या फोनवर विकू नये, असं मला मनापासून वाटतं. विकणं भाग पडलं, तर आधी वाडीत विचारा.

७. शेत बाईचं आहे, ते कागदावरही येऊ द्या

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. बाबाही बसले. त्या काळात आमच्या घरात शिजला तो गावचा तांदूळ आणि गावचे कुळीथ. ते पिकवले होते आजीनं आणि काक्यांनी. कोकणातले पुरुष मुंबईला आणि शेत बायकांच्या अंगावर, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. बी कुठल्या कणगीतलं, कोणत्या नक्षत्रावर पेरायचं, कोणत्या बांधाला भोक पडतं, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. सातबाऱ्यावर मात्र नावं पुरुषांची.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून बायकोच्या नावावर जमीन करायला नवऱ्यांना तयार केलं. वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. आमच्याकडे वारस नोंद करताना बहिणींची नावं लावली, आणि काकांच्या हिश्श्यावर काकीचं नाव आलं. त्या दिवशी काकी एवढंच म्हणाली, "आता कुळीथ कुठे पेरायचे ते मी सांगेन." तेव्हापासून दुसऱ्या पिकाचा निर्णय तिचा. ज्याच्याकडे जाण आहे त्याच्याकडे अधिकार आला, की शेतात फरक पडतो.

८. कातळाला निकामी समजू नका

सातबाऱ्यावर 'पोटखराब' असं लिहिलेलं असतं आणि मुंबईतला वारस समजतो, हा भाग विकून टाकायला हरकत नाही. पावसाळ्यात एकदा त्या कातळावर, म्हणजे सड्यावर, जाऊन बघा. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठतं, वीतभर गवत आणि रानफुलं येतात, वाडीची गुरं तिथेच चरतात. जांभा पाणी पितो. सड्यावर मुरलेलं पाणी उतार संपतो तिथे झऱ्यांतून आणि विहिरींतून परत येतं. सड्यावर सपाटीकरण झालं, की खालच्या वाडीला मार्च महिन्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी इथल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसानं कोरलेली कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या या शिल्पांची २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत नोंद झाली.

फळझाडं लावायची तर वरकस जमिनीत लावा. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि अशाच माळरानांवर आंबा-काजू उभा राहिला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती इथे चांगल्या चालतात. भाताच्या खाचरात मात्र कलमं लावू नका. खाचर बुजलं की पाण्याची वाट तुटते आणि खालच्या सगळ्या शेतांचा प्रश्न होतो.

९. कांदिवलीतलं गाव ओळखा

शेतीची ओढ फक्त कोकणात जाऊन भागवायची गरज नाही. आपल्या घराच्या कागदावर आजही 'मौजे' आणि 'तालुका बोरिवली' लिहिलेलं असतं. पोयसर, आकुर्ली, चारकोप ही साष्टी बेटावरची गावं. डहाणूकरवाडी, इराणीवाडी, बंदर पाखाडी, लालजीपाडा या नावांत वाड्या-पाडे अजून आहेत. १९२० च्या दशकात कांदिवलीच्या खाणीतला दगड मुंबईच्या बॅकबेच्या भरावासाठी गेला. १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि आपण मुंबईत आलो. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर वारली कुटुंबं आजही आपल्या जमिनीच्या हक्कासाठी झगडत आहेत. वारल्यांची कणसरी ही धान्याची देवी, बालीच्या देवी श्रीसारखी. धान्याला देव मानणारी माणसं आपल्या शेजारी राहतात आणि आपण त्यांना ओळखत नाही.

जूनच्या पहिल्या पावसात बोरिवली-कांदिवलीच्या स्टेशनांबाहेर रानभाज्या घेऊन आदिवासी बायका बसतात. शेवळं, टाकळा, कंटोली, कुरडू. काही जणी पालघर-डहाणूकडून पहाटेच्या गाडीनं येतात. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, त्याचा त्यांना आधार झाला आहे. त्यांच्याकडून भाजी घेताना घाई करू नका, पैशाची घासाघीस तर मुळीच नको. शेवळं घेतलीत की काकडं मागून घ्या. ती घातली नाहीत तर भाजी घशाला खवखवते. कोणत्या डोंगरातून आणली, या वर्षी पाऊस कसा लागला, ते विचारा. मोकळेपणानं सांगतात. मला आमच्या सड्यावरच्या दोन भाज्यांची ओळख कांदिवली स्टेशनबाहेर झाली.

१०. मंडळाच्या सभेत शेतीचा विषय घ्या

कांदिवली-बोरिवलीत कोकणातल्या गावांची कितीतरी मुंबईकर मंडळं आहेत. वर्गणी निघते, मंदिराचा जीर्णोद्धार होतो, सत्यनारायण, क्रिकेटचे सामने होतात. हे सगळं चांगलंच आहे. त्याच सभेत एक विषय वाढवा: पुढच्या पावसात आपल्या वाडीची कोणती शेतं एकत्र लावायची?

यासाठी फार काही लागत नाही. वाडीचा गटनकाशा काढा आणि भिंतीवर लावा. कसलेली शेतं एका रंगानं रंगवा, पडीक दुसऱ्या. गावात कसणारी घरं किती आहेत, ती त्यांनाच विचारून घ्या, आणि त्यांच्या शेताला लागून असलेली पडीक खाचरं आधी निवडा. मालकांना सभेत बोलावून वाटा ठरवा आणि लिहून ठेवा. त्यामुळे मालकाला जमीन हातची जाण्याची भीती राहत नाही आणि कसणाऱ्याला मेहनत वाया जाण्याची. डिसेंबरमध्ये गावी गेलात, की सगळे मिळून वहाळावर सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती-वाळू भरून वनराई बंधारा घाला. गुरं कोणत्या तारखेपर्यंत दावणीला बांधायची, ते गावकीत ठरवा. तेवढ्यानं जमिनीच्या ओलीवर कुळीथ, पावटा, वाल हे दुसरं पीक निघतं. राखणीसाठी गावात राहणाऱ्या माणसाला मंडळानं मानधन द्यावं. जुलैत लावणीला जाणाऱ्यांची यादी करा आणि त्यांची रजा आतापासून मागायला सांगा.

पहिल्या वर्षी पट्टा लहान असू द्या, पण सलग असू द्या. शेजारच्या शेताचा मालक तो भरलेला पाहील आणि पुढच्या सभेत आपणहून विचारेल, "आमचंही घेता का?" आमच्या वाडीत हे घडलं आहे. तुमच्याही वाडीत घडेल.